कौशल्य केंद्राने किती जणांना कामाला लावले? वस्तीने हिशेब कसा तपासायचा

तालुक्याच्या गावी एखादे कौशल्य विकास केंद्र सुरू होते. फ्लेक्स लागतो, मान्यवर येतात, फीत कापली जाते. वर्षभराने दुसरा फ्लेक्स लागतो : इतक्या युवक-युवतींना प्रशिक्षण, इतक्यांना रोजगार. आपल्या वस्तीतली पाच-सहा मुलेमुली त्या आकड्यात असतात. चौकशी केली तर एक जण पुन्हा मजूर नाक्यावर उभा असतो, दुसरा पंधरा दिवसांत कंपनी सोडून परत आलेला असतो, एकीला घरून पुढे पाठवलेलेच नसते आणि एखादा खरोखर कामाला लागलेला असतो.

मग फ्लेक्स खोटा की वस्तीतले चित्र खोटे? बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. फरक असतो तो मोजण्यात. कोणाला मोजले, कधी मोजले आणि 'रोजगार' कशाला म्हटले, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की तेच केंद्र यशस्वीही दिसते आणि अपयशीही. म्हणून कौशल्य व रोजगार कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करतात, हे आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी शिकून घेणे गरजेचे आहे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वही, फोन आणि सहा महिन्यांची चिकाटी लागते.

हा प्रश्न आपला का?

प्रशिक्षण फुकट असते म्हणून ते स्वस्त असते असे नाही. तीन-चार महिने वर्गात बसणाऱ्या मुलाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. एसटीचे किंवा शेअर रिक्षाचे भाडे घरातून जाते. एवढे करून काम मिळाले नाही, तर दोष केंद्रावर येत नाही. 'यांना शिकवले तरी कामच नको असते' हा शेरा समाजावर बसतो. आकडा तपासला नाही तर हा शेराच खरा ठरतो. म्हणून हिशेब मागणे हा सरकारविरोधी उद्योग नाही, तो आपल्या मुलांच्या बाजूने दिलेला पुरावा आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी घेतल्यानंतर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात शिष्यवृत्त्यांबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असे त्यांनी मांडले होते. मागणीतला बारकावा लक्षात घ्या. कौशल्य जिथे काम आहे तिथेच शिकवा, म्हणजे शिकणे आणि कामाला लागणे यांत दरी राहत नाही. आज आपण जे मूल्यमापन करतो, ते नेमके या दरीचेच मोजमाप असते.

कोणत्या योजना, कोणती केंद्रे?

प्रधानमंत्री कौशल विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचा चौथा टप्पाही आला. महाराष्ट्रात १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ग्रामीण भागात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात १८ ते ३५ वयाच्या तरुणांना बारावी असल्यास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका असल्यास ८,००० आणि पदवीधर असल्यास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. ती संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले, हे आपण पाहिले आहे.

याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठी १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, पुण्याची बार्टी आहे, आणि जुने पण अजूनही महत्त्वाचे आयटीआय आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे. म्हणून तपासणीची पहिली पायरी म्हणजे आपल्या गावातले केंद्र कोणत्या योजनेखाली चालते, पैसा कोणाकडून येतो आणि केंद्राने काय कबूल केले आहे, हे कागदावर मिळवणे. अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारने २०१३ साली आणलेल्या 'सीखो और कमाओ' योजनेत प्रशिक्षितांपैकी किमान ७५ टक्क्यांना काम आणि त्यातील निम्म्यांना संघटित क्षेत्रात काम, अशी अट होती. अट माहीत असेल तरच ती पाळली गेली का, हे विचारता येते.

आकडा कुठे गळतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका केंद्रात वर्षभरात १२० जणांची नोंदणी झाली. त्यातले ९६ जण नियमित वर्गाला आले. ८४ जणांना प्रमाणपत्र मिळाले. ६० जणांच्या हातात कंपनीचे पत्र पडले. तीन महिन्यांनी त्यातले ३६ जण कामावर होते आणि सहा महिन्यांनी २७.

केंद्र म्हणेल, आमचा प्लेसमेंट दर ७१ टक्के. हिशेब बरोबर आहे, कारण ८४ पैकी ६० म्हणजे ७१ टक्के. पण नोंदणी झालेल्या १२० जणांच्या हिशेबाने तो ५० टक्के होतो. तीन महिन्यांनंतरचा ३० टक्के, सहा महिन्यांनंतरचा साडेबावीस टक्के. एकाच केंद्राचे हे चार आकडे. म्हणून कोणी टक्का सांगितला की लगेच दोन प्रश्न विचारायचे : 'कितीपैकी?' आणि 'किती दिवसांनी?'

मधेच गळालेल्यांना सोडून देऊन टक्का काढणे ही सर्वांत सोपी फसगत आहे. जे २४ जण वर्गाला येऊच शकले नाहीत, त्यांच्याकडेच कार्यक्रमाचे खरे दुखणे सापडते. भाडे परवडले नाही, विद्यावेतन उशिरा आले, मशीन बंद होते, शिक्षक बदलले, संध्याकाळी मुलीला परत यायला गाडी नव्हती. ही कारणे अहवालात येत नाहीत, वस्तीत मात्र सगळ्यांना ठाऊक असतात.

कामाला लागणे म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरवून घ्यावी लागते. ग्रामीण तरुणांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत सलग तीन महिने पगारी काम झाल्याशिवाय प्लेसमेंट धरत नाहीत. नुसत्या ऑफर लेटरपेक्षा ही कसोटी कितीतरी चांगली. आपणही किमान तीन आणि शक्यतो सहा महिन्यांची कसोटी लावावी.

सरकारी नोंदीवर किती विसंबायचे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांची तपासणी केली. ज्या लाभार्थ्यांच्या नोंदी पाहिल्या, त्यातील ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा, शून्य किंवा निरर्थक भरलेला होता. वेगवेगळ्या लाभार्थ्यांच्या नावापुढे तेच छायाचित्र वापरल्याची प्रकरणे सापडली. ज्या घटकांत प्लेसमेंट मोजले जात होते, तिथे प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के कामाला लागल्याची नोंद होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पहिल्या तीन टप्प्यांत अल्पकालीन प्रशिक्षणानंतरच्या प्लेसमेंटचा माग ठेवला जात होता. चौथ्या टप्प्यात योजना प्लेसमेंटपासून वेगळी काढली गेली. उमेदवाराने आपला मार्ग स्वतः निवडावा, अशी सरकारची भूमिका आहे. याचा अर्थ, आपल्या मुलांचे पुढे काय झाले हे सरकारी पोर्टलवर सापडेल अशी आशा धरून बसण्यात हशील नाही. ती नोंद वस्तीनेच ठेवावी लागेल.

केंद्र नसते तर काय झाले असते?

मूल्यमापनातला सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. वरच्या उदाहरणात सहा महिन्यांनी २७ जण कामावर होते. पण ते केंद्रामुळेच कामावर होते का? केंद्राने बारावी झालेली, चुणचुणीत, शहराजवळ राहणारी मुलेच निवडली असतील, तर त्यातल्या अनेकांना तसेही काम मिळाले असते.

यावर उपाय म्हणजे तुलना. ज्यांनी त्याच बॅचसाठी अर्ज केला होता, पण जागा भरल्या म्हणून ज्यांना प्रवेश मिळाला नाही, अशांची यादी करा. समजा असे ४० जण आहेत आणि त्याच सुमारास त्यातले ८ जण तशाच कामावर आहेत. म्हणजे २० टक्के. केंद्रात नोंदणी झालेल्यांचे प्रमाण साडेबावीस टक्के. ७१ टक्क्यांचा गाजावाजा होता, आणि प्रत्यक्ष फरक निघाला अडीच टक्क्यांचा.

मात्र इथे घाई करू नये. ४० जणांत एक माणूस म्हणजेच अडीच टक्के. एवढ्याशा संख्येवरून 'केंद्र निरुपयोगी' असा निकाल देणे हे फ्लेक्सवरच्या आकड्याइतकेच चुकीचे ठरेल. दोन-तीन बॅचची माहिती एकत्र करा, पगार आणि कामाचे दिवसही तपासा, मगच बोला. आणि तुलना करताना नोंदणी झालेले सगळे १२० जण धरा, फक्त प्रमाणपत्रवाले नव्हेत. शेवटपर्यंत टिकलेल्यांची तुलना बाहेरच्या सगळ्यांशी केली, तर केंद्र आपोआप चांगले दिसते.

नीट तुलना केली की चांगले कामही सिद्ध होते, हे विसरू नका. दिल्लीतील गरीब वस्त्यांमधील स्त्रियांसाठीच्या सहा महिन्यांच्या शिवणकाम प्रशिक्षणाचा अभ्यास पुष्कर मैत्रा आणि सुभा मणी या अर्थशास्त्रज्ञांनी केला; तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. अर्जदारांतून सोडत काढून प्रवेश दिला होता, त्यामुळे तुलना विश्वासार्ह होती. प्रशिक्षणाची संधी मिळालेल्या स्त्रिया कामावर असण्याचे प्रमाण जास्त निघाले, कामाचे तास आणि कमाईही वाढली. पण त्याच अभ्यासाने असेही दाखवले की पैशाची अडचण, केंद्राचे अंतर आणि मूल सांभाळायला कोणी नसणे यांमुळे अनेक जणी अर्ध्यावर सुटल्या. म्हणजे प्रशिक्षण चांगले होते, पण तिथवर पोहोचण्याची वाट अवघड होती. अशा निष्कर्षातून मागणी नेमकी करता येते : वर्ग वस्तीजवळ हवा, पाळणाघर हवे.

नोकरी मिळाली, पण कसली?

बुद्धाने अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला जागा दिली. पोट कसे भरतो, हा त्यांच्या दृष्टीने नीतीचा प्रश्न होता. म्हणून 'काम मिळाले' एवढ्यावर आपली तपासणी थांबू नये. पुढच्या गोष्टी विचाराव्यात.

पगार किमान वेतनाएवढा आहे का, आणि तो बँकेत येतो की हातात? भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळाला का? साधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला हा निधी लागू होतो आणि १० किंवा अधिक असतील तर राज्य कामगार विमा. यूएएन असला की पासबुकात महिन्यामहिन्याची नोंद दिसते, त्यामुळे तो नोकरीचा सर्वांत भक्कम पुरावाही ठरतो. नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची? जे शिकवले तेच काम मिळाले का, की इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र घेऊन मुलगा गोदामात खोकी उचलतो आहे? दूरच्या शहरात काम असेल, तर खोलीभाडे आणि खानावळ वजा जाता घरी किती पाठवता येते?

आणखी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहावी. हाउसकीपिंग, सफाई, सुरक्षारक्षक अशा कोर्सकडे आपल्याच मुलांना वळवले जाते का? कोणतेही काम हलके नाही, पण जात पाहून कोर्स ठरत असेल, तर ते कौशल्य प्रशिक्षण नसून जुन्याच गावगाड्याला दिलेले नवे प्रमाणपत्र आहे. जातिव्यवस्था ही केवळ कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे. कोणत्या कोर्सला कोणत्या समाजाची किती मुले, हा तक्ता एकदा मांडला की चित्र उघडे पडते.

दार कुठे बंद होते?

सगळे अपयश केंद्राच्या माथी मारणेही बरोबर नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठवून प्रयोग केला होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. पात्रता तीच, कागद तोच, फरक आडनावाचा. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की गुणवत्तेची भाषा करणारे हे अधिकारी उमेदवाराच्या 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ला फार महत्त्व देतात.

म्हणून आपल्या तपासणीत एक रकाना मुलाखतीचा हवा. किती जणांना मुलाखतीला बोलावले, किती निवडले, काय विचारले? एकाच बॅचमध्ये सारखे गुण मिळालेल्या मुलांत निवडीचे प्रमाण समाजानुसार बदलत असेल, तर दुखणे शिकवण्यात नाही, भरतीत आहे. तिथे मागणीही वेगळी करावी लागेल.

या संदर्भात शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ लक्षात ठेवावा. त्याच्या कलम ३-अ नुसार नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव असतात, आणि हा कायदा खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. खाजगी नोकरीत आरक्षण नाही, हे आपण नेहमी ऐकतो. पण शिकाऊ उमेदवारीत आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या एमआयडीसीत किती कारखाने शिकाऊ उमेदवार घेतात आणि त्यात आपली मुले किती, हे विचारलेच पाहिजे.

नोंदीचाही एक घोळ टाळावा. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधील बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. १९९३ पासून बौद्ध हे राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणूनही अधिसूचित आहेत. फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला' असे झाले, तर तो मुलगा अनुसूचित जातीच्या आकड्यातून गायब होतो. धर्म बौद्धच लिहावा, आणि जातीचा दाखला असेल तर प्रवर्ग अनुसूचित जाती आहे याची खात्री करावी.

प्रत्यक्ष काम कसे करायचे?

विहारातले किंवा जयंती मंडळातले पाच-सहा तरुण पुरेसे आहेत.

१. वस्तीतून गेल्या दोन वर्षांत कोणत्याही केंद्रात नाव नोंदवलेल्या प्रत्येकाची यादी करा. अर्धवट सोडलेले आणि प्रवेश न मिळालेले यांची नावे आधी लिहा, कारण तीच सुटतात.

२. प्रत्येकाला तेच दहा-बारा प्रश्न विचारा : शिक्षण, कोर्स, किती दिवस वर्ग झाले, सोडले असल्यास कारण, विद्यावेतन मिळाले का व कधी, प्रमाणपत्र, मुलाखत, आधीची कमाई, आताची कमाई, कामाचा प्रकार, यूएएन. मुलींशी शक्यतो मुलींनीच बोलावे.

३. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोन करा. एकदाच विचारून सोडले, तर केंद्र करते तेच आपण केले.

४. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. खाजगी संस्थेकडे नव्हे, तिला पैसा देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. मंजूर लक्ष्य, प्रवर्गनिहाय नोंदणी, प्रमाणपत्रे, प्लेसमेंट आणि संस्थेला दिलेली रक्कम, एवढे एकत्रित आकडे मागा. नावे, फोन नंबर मागू नका; नकार मिळायला ते निमित्त होते.

५. माणसांचा विश्वास जपा. कोणाची नावे समाजमाध्यमांवर टाकू नका. नोकरीवर असलेल्या मुलाने पगार कमी असल्याचे सांगितले आणि ते कंपनीपर्यंत पोहोचले, तर नुकसान त्याचे होते.

निष्कर्ष घेऊन कुठे जायचे?

प्रथम केंद्रचालकांकडे जा. त्यांची बाजू ऐका. कधी हप्ता थकलेला असतो, कधी प्रशिक्षकाचा पगार सहा महिने झालेला नसतो. दोन पानांचा साधा अहवाल करा : एक तक्ता, तीन अडचणी, तीन मागण्या. तो जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला, समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आणि लोकप्रतिनिधीला द्या. 'भ्रष्टाचार झाला' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'नोंदणी झालेल्या १२० पैकी सहा महिन्यांनी २७ जण कामावर, सोडून गेलेल्यांपैकी निम्म्यांनी प्रवासखर्चाचे कारण सांगितले, सबब बसपास द्यावा' असे लिहिले, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

आणि तोच तक्ता वस्तीतही लावा. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या मुलीला कोणता कोर्स खरोखर कामाला लावतो, कोणत्या केंद्रात मशीन चालू असते, कोणती कंपनी पगार वेळेवर देते, हे आपल्याच माणसांच्या अनुभवातून कळेल. तथागतांनी धम्माबद्दलसुद्धा 'या आणि पाहा' असेच सांगितले होते. मग एका कौशल्य केंद्राचा आकडा आपण न पाहता का मानावा?

जयंतीच्या वर्गणीचा पैन् पै हिशेब आपण फलकावर लावतो. आपल्या मुलांच्या सहा महिन्यांचा हिशेब त्याच फलकावर लागायला हवा. सुरुवात या महिन्यात यादी करण्यापासून करा.

जय भीम.